घरचा पियानो सॉफ्टवेअरच्या मदतीने लावायचा असेल तर

आधी एक खात्री करून घ्या. ठाण्यातल्या नि नवी मुंबईतल्या फ्लॅटांमध्ये ‘पियानो’ म्हणून जे वाद्य दिसतं, ते बहुतेक वेळा डिजिटल असतं. प्लग लावल्याशिवाय वाजत नसेल तर ते सुरात लावायचा प्रश्नच येत नाही. हा लेख तारांच्या पियानोबद्दल आहे, त्यातही भिंतीला टेकवून ठेवतात त्या उभ्या, म्हणजे अपराइट पियानोबद्दल. कुणाकडे तो आजोळहून आलेला असतो, कुणी मुलीच्या परीक्षांसाठी सेकंडहँड घेतलेला असतो. मुंबईहून ट्यूनर बोलवावा तर त्याला आपल्या सोयीची तारीख नसते. मग कोणीतरी सांगतं, अहो, आता मोबाइलवर ॲप आहे की, घरीच लावा.

लावता येतो. पण ॲप काय करतं नि काय करत नाही, हे आधी ठरवून घ्यायला हवं. तार कुठपर्यंत चढवायची ते ॲप अगदी अचूक सांगतं. ती तिथे टिकवणं हाताचं काम, आणि एका पट्टीच्या तीन तारा एकमेकींत मिळवणं कानाचं. पहिला भाग सोपा झालाय म्हणून उरलेले दोन सोपे झाले, असं मात्र नाही. नवशिक्यांचे पियानो बिघडतात ते इथेच.

आत काय असतं

वरचं झाकण उघडा. आतल्या बाजूला डावी-उजवीकडे दोन फिरक्या असतील, त्या सोडवल्या की समोरची फळी उचलून बाजूला ठेवता येते. ८८ पट्ट्यांना मिळून सव्वादोनशेच्या आसपास तारा दिसतील. अगदी खर्जात एका पट्टीला एकच जाड, तांब्याने मढवलेली तार. पुढे दोन-दोन, आणि मधल्या भागापासून वर साध्या पोलादी तारा तीन-तीन. प्रत्येक तारेवर साधारण ७० ते ९० किलोचा ताण असतो. सगळ्या मिळून १५ ते २० टन. हा भार बिडाची फ्रेम सांभाळते. तारेचं वरचं टोक ज्या खुंटीला गुंडाळलेलं असतं, ती खुंटी मात्र कडक लाकडाच्या ठोकळ्यात नुसती ठोकलेली असते. तिला पकडणारा नट-बोल्ट कुठे नाही, केवळ घर्षणावर ती उभी असते. म्हणून खुंटीशी खेळ नको.

गिटारचा ट्यूनर का चालत नाही

फोनमध्ये आधीच असलेला फुकटचा क्रोमॅटिक ट्यूनर, म्हणजे सूर चढा की उतरता ते काट्याने दाखवणारं साधं ॲप, घेऊन ८८ पट्ट्या काट्यावर आणल्या, तर पियानो विचित्र वाजतो. खालचे सूर जरा चढे वाटतात नि वरचे मेलेले, उतरलेले. कारण तारेच्या ताठरपणात आहे. पोलादी तार वाजते तेव्हा मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे वरचे सूरही वाजतात. तार ताठर असल्यामुळे हे वरचे सूर नेमके दुप्पट-तिप्पट नसतात, थोडे चढे असतात. तार जितकी आखूड नि जाड, तितका हा चढेपणा जास्त, त्यामुळे बुटक्या पियानोत तो जास्त जाणवतो. दोन सप्तकं कानाला जुळलेली वाटायची तर वरचं सप्तक गणितापेक्षा किंचित चढं नि खालचं किंचित उतरतं ठेवावं लागतं. चांगल्या लावलेल्या पियानोत दोन्ही टोकांना हा फरक २०-३० सेंटपर्यंत जातो. सेंट म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. ओ. एल. रेल्सबॅक यांनी १९३८ मध्ये हा फरक मोजून दाखवला, म्हणून त्या आलेखाला रेल्सबॅक वक्र म्हणतात.

शिवाय सगळ्यात खालच्या पट्टीचा मूळ सूर २७.५ हर्ट्झचा. फोनच्या मायक्रोफोनला तो जवळजवळ ऐकूच येत नाही. पियानोसाठी बनवलेलं सॉफ्टवेअर खालच्या पट्ट्यांसाठी वरचे सूर ऐकून हिशेब करतं. साधा ट्यूनर तिथे गोंधळतो.

तेव्हा पियानोसाठीचंच ॲप घ्या. एन्ट्रॉपी पियानो ट्यूनर हे जर्मनीतल्या वुर्झबर्ग विद्यापीठात तयार झालेलं, मुक्त स्रोत नि फुकट सॉफ्टवेअर आहे. आधी सगळ्या ८८ पट्ट्या रेकॉर्ड करून घेतं आणि मग तुमच्या पियानोपुरता या फरकाचा वक्र काढून देतं. पियानोमीटर फोनवर चालतं नि तुम्ही वाजवत जाल तसं मोजत जातं. फुकट आवृत्तीत मधल्या पट्ट्यांपुरतंच काम होतं, पण हात बसवायला तेवढं पुरे. ट्यूनलॅब आणि व्हेरिट्यूनर ही व्यावसायिक ट्यूनर मंडळींची सॉफ्टवेअर. पहिल्याच वर्षी त्यांच्यावर पैसे घालू नका. तेच पैसे खुंटी फिरवायच्या चांगल्या लिव्हरवर घाला.

हत्यारं

ट्यूनिंग लिव्हर हवीच. दुकानात ती कधी ट्यूनिंग हॅमर या नावाने मिळते. बहुतेक पियानोंना दोन नंबरचं, चांदणीच्या आकाराचं तोंड बसतं. पाना, पक्कड, सायकलचं काहीतरी, गॅरेजमधलं सॉकेट यांतलं काहीही खुंटीला लावू नका; डोक्याच्या कडा एकदा झिजल्या की पुढच्या माणसालाही ती खुंटी फिरवता येत नाही. ऑनलाइन ज्या अगदी स्वस्त लिव्हर दिसतात त्यांचं तोंड सैल असतं, त्यामुळे खुंटी फिरतेय की नुसती लिव्हर, हेच हाताला कळत नाही. धोबी तलावच्या फुर्टाडोजसारख्या जुन्या दुकानात विचारून बघा. १८६५ पासूनचं दुकान आहे ते.

बाकी रबराच्या पाच-सहा पाचरी, मधल्या भागासाठी फेल्टची लांब पट्टी, आणि अपराइटसाठी पॅप्स म्यूट. हा लांब चिमट्यासारखा असतो, तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांच्या दांड्यांमधून आत सरकतो नि नको त्या तारा गप्प करतो. डोळ्यांवर साधा चष्मा असू द्या. तार तुटण्याचा प्रसंग क्वचित येतो, पण आला तर ती सपकन सुटते.

कधी लावायचा

माझ्या मते, आपल्याकडे हाच सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा आहे. पियानोचा ध्वनिफलक, म्हणजे तारांमागची आवाज मोठा करणारी फळी, लाकडी असतो. जून ते सप्टेंबर हवेतल्या ओलाव्याने तो फुगतो, तारांना वर ढकलतो आणि मधला भाग चढतो. पाऊस गेला, हवा कोरडी झाली, की तोच भाग उतरतो. खर्ज आणि मधला भाग जिथे एकमेकांना भेटतात, म्हणजे मढवलेल्या तारा संपून साध्या सुरू होतात, तिथे हे सगळ्यात ठळक दिसतं. त्यामुळे जुलैत मेहनतीने लावलेला पियानो डिसेंबरात पुन्हा बेसूर होतो आणि लोक ॲपला नावं ठेवतात. पियानो बनवणाऱ्यांना साधारण ४० ते ६० टक्के आर्द्रता हवी असते. खाडीकाठच्या घरात, मग ते कोलशेतचं असो की पाम बीच रोडवरचं, पावसाळ्यात हे स्वप्नच.

दिवाळी होऊ द्या, नंतर दोनेक आठवडे हवा स्थिरावू द्या, मग हात घाला. पावसाळ्यात परीक्षा असेल तर फक्त अगदी खटकणाऱ्या पट्ट्या तेवढ्या सुधारा, सगळा पियानो हलवू नका. एक दोनशे-तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक पियानोवर ठेवून द्या. खिडकीखालची, बाथरूमला लागून असलेली किंवा पावसाळ्यात ओल धरणारी बाहेरची भिंत टाळा. रात्रभर एसी नि दिवसभर उघड्या खिडक्या, हा प्रकार तारांना फार वाईट. आतमध्ये छोटा बल्ब पेटता ठेवायची जुनी पद्धत अजून काही घरांत दिसते. ओलावा त्याने कमी होतो खरा, पण लाकूड, फेल्ट आणि विजेची उघडी वायर एकत्र ठेवून झोपायला मी तरी तयार नाही. त्याच कामासाठी बनवलेली डॅम्प-चेसर पद्धतीची उष्णतेची दांडी मिळते, ती जाणकाराकडून बसवून घ्यावी.

दिवसाची वेळही बघा. पंखा, एसी, मिक्सर, समोरच्या इमारतीचं ड्रिलिंग, हे सगळं मायक्रोफोनला ऐकू येतं. घोडबंदर रोडच्या तोंडावर घर असेल तर रविवार सकाळ. सानपाडा, नेरूळला रुळांजवळ असाल तर गाडी जाईपर्यंत हात थांबवायची सवय होते. पट्टी जोरात, पुन्हा पुन्हा वाजवावी लागणार आहे, तेव्हा शेजारच्या काकूंना आदल्या दिवशी सांगून ठेवा. दुपारी दोन ते चार टाळा. पहिल्या वेळी एका बैठकीत काम होणार नाही. ट्यूनरला दीड-दोन तास लागतात, तुम्हाला पूर्ण शनिवार-रविवार लागेल.

आधी मोजा, मग हात लावा

फोन पट्ट्यांच्या वर, नोटेशन ठेवायच्या फळीच्या उंचीवर, कपड्याच्या घडीवर ठेवा. मधलं पेडल दाबून अडकवलेलं असेल तर ते सोडवा. अपराइटमध्ये त्याने तारांसमोर फेल्टचा पडदा येतो आणि ॲपला काहीच धड ऐकू येत नाही. ॲपमध्ये ए-४ ४४० हर्ट्झवर ठेवा. ए-४ म्हणजे पेटीवाल्यांच्या भाषेत मधल्या सप्तकातली पांढरी सहा, डावीकडून ४९ वी पट्टी.

आता कुठलीही खुंटी न फिरवता सगळ्या सप्तकांतले ए वाजवा आणि प्रत्येक किती सेंट उतरलाय ते कागदावर लिहा. शक्यतो एकच तार मोकळी ठेवून. या आकड्यांवर पुढचं सगळं ठरतं.

पाच-सात सेंट इकडेतिकडे असेल तर सरळ लावायला घ्या. १० ते ३० सेंट उतरलेला असेल तर एका फेरीत काम होणार नाही. बरीच वर्षं हात न लागलेला पियानो नेमका इथेच असतो, आणि काही फार जुने पियानो मुळात ४३५ हर्ट्झला लावलेले असत. ते ४४० पेक्षा सुमारे २० सेंट खाली. २० सेंट चढवायचे म्हणजे फ्रेमवर एकूण चारेकशे किलो ताण वाढवायचा. तो वाढत जातो तसा ध्वनिफलक दबतो आणि आधी लावलेल्या तारा पुन्हा उतरतात. म्हणून पहिली फेरी ढोबळ नि झटपट करायची, आणि प्रत्येक साधी तार जितकी उतरलीय त्याच्या पाव हिश्शाने मुद्दाम जास्त चढवायची. २० सेंट उतरली असेल तर पाच सेंट वर. मढवलेल्या तारांना याहून कमी. पियानोसाठीच्या बऱ्याच ॲपमध्ये यासाठी वेगळी सोय असते, ती चालू केली की हिशेब ॲपच करतं. मग दोन-चार दिवस थांबून बारीक फेरी.

५० सेंटहून जास्त उतरलेला असेल, किंवा तारांवर गंज पापुद्र्यांनी धरलेला असेल, तर लिव्हर खाली ठेवा नि ट्यूनरला फोन करा.

खुंटीवर हात

पहिला नियम: कोणती तार कोणत्या खुंटीला जाते, ते बोटाने तारेवरून वर सरकत जाऊन बघा. दरवेळी. तीन खुंट्यांचा एक गट असतो आणि नजर सहज चुकते. खुंटी फिरवताय नि पडद्यावर काहीच हलत नाहीये, तर तुम्ही दुसरीच तार ताणताय. तत्क्षणी थांबा. नवशिक्यांच्या तारा तुटतात त्या बहुधा अशाच.

लिव्हर खुंटीवर पूर्ण खोल बसवा. दांडा घड्याळाच्या बारा ते एकच्या दिशेला, म्हणजे जवळजवळ सरळ वर असावा. तीनच्या दिशेला आडवा धरून खाली ओढला, तर खुंटी फिरण्याऐवजी वाकते, आणि लाकडातलं भोक हळूहळू सैल होतं. उजवीकडे फिरवलं की सूर चढतो, डावीकडे उतरतो. चढवायच्या आधी तार केसभर उतरवा. ती कुठे गंजाने चिकटलेली असेल तर तिथून सुटते, नाहीतर ताण एका जागी साठून तुटते.

आता खरी मेख. ओला टॉवेल पिळताना वरचा हात फिरतो तरी खालचं टोक काही क्षण तिथेच असतं, तसं खुंटीचं होतं: डोकं पिळलं जातं पण लाकडातलं टोक हललेलं नसतं. काटा मात्र मध्यावर आलेला दिसतो. तुम्ही खूश होऊन लिव्हर काढता आणि खुंटी पीळ सोडते, सूर दोन-तीन सेंट उतरतो. हे टाळायचं तर खुंटी तळापासून हलल्याची छोटीशी ‘टक्’ हाताला जाणवेपर्यंत धीर धरा. सूर हव्या त्या जागेच्या अगदी किंचित वर न्या, पट्टी दोन-तीनदा ठामपणे वाजवा, आणि लिव्हरने हलकासा दाब उलट दिशेला देऊन खुंटीला खाली बसू द्या. लिव्हरवरचा हात ढिला करा. पुन्हा वाजवा. काटा तिथेच राहिला तर ती तार लागली. हे एका तारेला एक मिनिट घेईल, कधी पाच. घाई झाली की बाकी सगळं वाया.

हालचाल फार छोटी असते. ‘फिरवणं’ हा शब्दही मोठा वाटावा इतकी. वरच्या दीड सप्तकात तर लिव्हरवर नुसता विचार केला तरी सूर पळतो. तो भाग शेवटी ठेवा.

क्रम असा: आधी ए-४. मग फेल्टची पट्टी मधल्या दोन सप्तकांत तारांच्या फटींतून दडपून घ्या, म्हणजे प्रत्येक पट्टीची मधली तार तेवढी वाजेल. एकेक सूर ॲपवर लावत जा. पडद्यावरची पट्ट्यांची नक्षी बहुतेक ॲपमध्ये एका बाजूला सरकताना दिसते. चढ्या सुराला एकीकडे, उतरत्याला दुसरीकडे. ती थबकली की झालं. सुराच्या ठोक्याचा पहिला क्षण सोडून द्या, अर्ध्या सेकंदानंतरचा आकडा धरा. मधला भाग झाला की खाली खर्जाकडे, मग वर. खर्जात आकड्यापेक्षा वरच्या सप्तकाशी जोडून वाजवून बघितलेलं बरं. तिथे ॲपने दिलेला आकडाही अंदाजच असतो.

तीन तारांचा एक सूर

आता फोन बाजूला ठेवा. हो, खरंच ठेवा. पियानो बेसूर वाटतो तो शंभरात नव्वद वेळा दोन पट्ट्यांमधल्या अंतरामुळे नव्हे, एकाच पट्टीच्या तीन तारा आपापसांत फुटल्यामुळे. आणि दोन तारा एकत्र वाजत असताना ॲप चक्रावतं.

मधली तार आधीच लागलेली आहे. फेल्ट काढून पॅप्स म्यूटने उजवी तार गप्प करा, म्हणजे मधली नि डावी राहतील. वाजवा. सूर ‘वाँव-वाँव’ असा हेलकावत असेल तर दोघी फुटल्या आहेत. एक ४४० ला नि दुसरी ४४१ ला असेल तर सेकंदाला एक हेलकावा. ए-४ जवळ एक हर्ट्झ म्हणजे सुमारे चार सेंट, तेव्हा पाव हर्ट्झचा फरकही कान चार सेकंदांच्या संथ लाटेसारखा पकडतो. डावी खुंटी सावकाश हलवा. हेलकावे लांबत जातील, अजून लांबतील, आणि मग सूर एकदम सरळ उभा राहील. थोडा पुढे गेलात की पुन्हा हेलकावे सुरू. तिथून परत या. मग तिसरी तार. तीनही एकत्र वाजवून हेलकावा उरला नाही, तर पुढची पट्टी.

ज्यांनी तानपुरा लावलाय त्यांना हे लगेच जमतं. जोडीच्या तारा मिळवताना हेच ऐकतो आपण. पण त्याच मंडळींना दुसरा त्रास होतो, तो आधीच सांगून ठेवते. सा-ग वाजवून बघाल तर गंधार चढा, जरा करकरीत वाटेल. तानपुऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार षड्जापासून ३८६ सेंटवर असतो, पियानोतला ४०० वर. हे चौदा सेंट तुमच्या हाताची चूक नव्हे, बाराही पट्ट्यांतून सारखंच वाजवता यावं म्हणून केलेली ती तडजोड आहे. आपल्या पेटीतही तीच असते. पंचम मात्र दोनच सेंटने कमी असतो, तो खटकत नाही. तेव्हा सांगते, कानाला गोड लागतो म्हणून गंधार खाली आणू नका. दुसऱ्या पट्टीत तोच स्वर पंचम होईल नि तिथे रडेल.

दुसऱ्या दिवशी

सगळं झाल्यावर अर्धा तास मोठ्याने वाजवा, ज्याला जे येतं ते. मग रात्रभर सोडून द्या. सकाळी फोन लावून पुन्हा एकदा प्रत्येक ए तपासा आणि पट्ट्या क्रमाने वाजवून फुटलेल्या जोड्या शोधा. थोड्या उतरलेल्या निघतीलच, विशेषतः मधल्या भागात. त्या दुरुस्त करा. ॲपमधली फाइल तारीख नि आर्द्रता लिहून जपून ठेवा, पुढच्या नोव्हेंबरात तुलनेला उपयोगी पडेल.

एखादी खुंटी हाताला लोण्यात फिरल्यासारखी लागली, लावली की तासाभरात उतरली, तर ती पुन्हा पुन्हा ताणू नका. तारांवर तेल, डब्ल्यूडी-४० वगैरे काहीही फवारू नका. ते खुंटीपर्यंत झिरपलं की घर्षण गेलं. तार तुटली तर तिचे दोन्ही तुकडे, खुंटीवरच्या वेटोळ्यासकट, जपून ठेवा, जाडी त्यावरूनच कळते. सैल खुंट्यांवर खडूने खूण करा, त्यांच्या पट्ट्यांचे क्रमांक कागदावर लिहा, आणि ट्यूनर येईल तेव्हा तो कागद नि ॲपमधली फाइल त्याच्यासमोर ठेवा. त्याचा निम्मा वेळ वाचतो.